रीडेव्हलपमेंटचा नवा फ्लॅट: किचन ट्रॉल्यांच्या अपग्रेडमध्ये काय घ्यावं, काय सोडावं?

पौडफाटा

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये, आम्ही सध्या भाड्याच्या घरात, आणि परवा डेव्हलपरच्या ऑफिसातून किचनचा फॉर्म आला, महिनाअखेरपर्यंत टिक करून द्या म्हणाले, नंतर बदल चालणार नाही. करारात जे फुकट आहे ते म्हणजे काळ्या ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा, त्याखाली पार्टिकल बोर्डचे बॉक्स, साध्या लॅमिनेटची शटर्स (म्हणजे कपाटांची दारं), स्टीलच्या तारेच्या ट्रॉल्या आणि टेलिस्कोपिक चॅनेल. बाकी सगळं 'अपग्रेड'.

आता अपग्रेडचे आकडे बघा. बॉक्स मरीन प्लायचे हवे असतील तर ५२,०००, शटर अ‍ॅक्रिलिकची ६४,०००, सगळ्या बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज १४,०००, तारेच्या ७ ट्रॉल्यांऐवजी टँडम ड्रॉवर (पूर्ण बाहेर येणारे बंद खण) ७७,०००, कोपऱ्यात मॅजिक कॉर्नर ३८,०००, टॉल युनिट (खालपासून वरपर्यंत उंच कपाट) ८२,००० आणि हँडल नको असतील तर गोला प्रोफाइल २२,०००. सगळं घेतलं तर साडेतीन लाखाला हजार कमी. आमचं बजेट दीड लाख, ओढूनताणून.

घरात आम्ही दोघं, मुलगी दहावीत, आणि सासूबाई (वय ७४, गुडघ्यांचा त्रास). रोज दोन्ही वेळा पूर्ण स्वयंपाक, पोळ्या घरीच, घरघंटी आहे, दिवाळीचा फराळ घरी होतो. नवऱ्याचं मत अ‍ॅक्रिलिक घेऊ, 'दिसायला तरी नवं घर वाटू दे'. सासूबाई म्हणतात कडप्प्याचे कप्पे करा आणि पैसे वाचवा. मी मधे. सॅम्पल फ्लॅट बघून आले तर तिथे सगळंच भारी वाटतं कारण आत एकही डबा नाहीये!

किचन साधारण ८ बाय १०, बाहेर ड्राय बाल्कनी आहे. तुम्ही काय घ्याल?

सुतारपक्षी

ताई, माझा स्वतःचा वर्कशॉप आहे, धायरीला, त्यामुळे थोडं मोठं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिला टिक मरीन प्लायच्या बॉक्सवर. यात विचार करण्यासारखं काहीच नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली पाटी, कपड्यांच्या कपाटाला ठीक आहे, पण सिंकखाली पाण्याचा थेंब कडेतून आत गेला की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. मग बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि शटर लोंबायला लागतं. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते ते वेगळंच.

पण 'मरीन प्लाय' असं नुसतं फॉर्मवर लिहिलेलं मानू नका. मरीन म्हणजे आयएस ७१०, हा भारतीय मानकाचा नंबर आहे, त्यात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात की थर सुटतात का. आयएस ३०३ म्हणजे जनरल पर्पज प्लाय, तो वेगळा आणि स्वस्त. शीटवर आयएसआयचा शिक्का असतो, त्याखाली सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर टाकला की खरा का खोटा कळतं. प्लाय कापायच्या आधी साइटवर किंवा त्यांच्या वर्कशॉपला जाऊन फोटो काढून आणा, एकदा वर लॅमिनेट चिकटलं की आत काय आहे ते देवाला माहीत.

आता गंमत अशी की शटरला मात्र मी प्लाय लावत नाही. उंच शटर प्लायची असतील तर वर्षा-दोन वर्षांत बाक येतो, एक कोपरा बाहेर दिसायला लागतो. शटरला एचडीएचएमआर (दाट दाबलेला, ओलीला टिकणारा) बोर्ड घ्या, तो सपाट राहतो, ओल बऱ्यापैकी सोसतो, स्क्रूही चांगला धरतो. त्यावर १ एमएमचं मॅट लॅमिनेट, कडेला २ एमएमची पीव्हीसी एज बँड, ती मशिनवर मारलेली. हाताने फेव्हिकॉल लावून मारलेली पट्टी गॅसच्या बाजूला पहिली सुटते.

अ‍ॅक्रिलिक सोडा. घरात रोज फोडणी होते, चकचकीत शटरवर तेलाचा हात दिसतो, बोटं दिसतात, स्क्रॉचब्राइटने घासलं की चरे पडतात. मावशींना कितीही सांगा, त्या स्क्रॉचब्राइटच घेणार.

आजीची_पळी

सासूबाईंशी मी सहमत आहे, पण अर्धीच.

सिंकखालचा एक खण कडप्प्याचाच ठेवा, तिथे लाकूड हवंच कशाला? तिथे काय असतं, कचऱ्याचा डबा, भांड्यांचा साबण, फिनेल, पाण्याचा पाइप, तो कधीतरी गळणारच. कडप्प्याला पाण्याचं काही वाटत नाही, वाळवी लागत नाही, खाली झाडू फिरतो. दार लावायचं तर पीव्हीसीचं लावा. बाकी ठिकाणी मात्र कडप्प्याचे खोल कप्पे नकोत हो, ७४ वर्षांच्या बाईने खाली बसून मागचा डबा ओढायचा का? गुडघ्यांचा त्रास म्हणता ना.

आणि एक, फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी घरातली भांडी मोजा. खरंच मोजा, टेप घेऊन. ५ लिटरचा कुकर शिटीसकट किती उंच, पुरणयंत्र, परातीचा व्यास, पिठाचा डबा, मिसळणाचा डबा, तेलाचा कॅन. हे डेव्हलपर लोक ट्रॉल्या ४ इंच, ६ इंच, ८ इंच अशा ठरलेल्या उंचीच्या देतात आणि मग कुकर कुठेच बसत नाही, तो कायम ओट्यावर. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरांत तरी मी हे बघितलंय. तुळशीबागेतून नवी भांडी आणून ट्रॉलीच्या मापात बसवणारे लोकही आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी.

गोला प्रोफाइल की काय ते, म्हणजे हँडल नाही, वरच्या खाचेत बोटं घालून ओढायचं ना? कणकेच्या हाताने ओढून बघा. खाचेत पीठ बसतं ते टूथब्रशने काढावं लागतं. साधं डी आकाराचं हँडल घ्या, त्याला नॅपकिनही अडकतो.

हिशेबी

वरचे सल्ले चांगले आहेत पण कोणी विचारलंच नाही की हे आकडे जीएसटी धरून आहेत का? अशा कामावर १८ टक्के लागतो. दीड लाख हे तुमचं वरचं टोक असेल तर जीएसटीसकट हातात साधारण १ लाख २७ हजारांचंच काम आहे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात 'टॅक्सेस एक्स्ट्रा' आहे का बघा.

दुसरं, हे ५२,००० नक्की कशाचे? करारातले पार्टिकल बोर्डचे बॉक्स ते देणारच होते, त्याची किंमत वजा करून फरक ५२,००० आहे, की मूळचं सोडून वरून ५२,०००? माझ्या अनुभवात वजावट नेहमी ते ठरवतील त्या दराने असते आणि अपग्रेड बाजारभावाच्याही वर. आयटमप्रमाणे दर मागा: किती शीट, कुठल्या कंपनीची, किती जाडी, बॉक्सची पाठ किती एमएमची. पाठीमागची फळी ६ एमएमची देऊन पैसे काढतात, कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरा पर्याय कोणी मांडला नाही म्हणून मांडतो. डेव्हलपरकडून काहीच अपग्रेड घेऊ नका, जे फुकट आहे तेही नको म्हणा, वजावट लेखी घ्या आणि ताबा मिळाल्यावर स्वतःचा माणूस लावून करा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय, रविवार पेठेत बोहरी आळीला हार्डवेअर, दोन शनिवार मोडले की चार ठिकाणचे भाव कळतात.

सुतारपक्षी

@हिशेबी साहेब, धंदा माझाच आहे त्यामुळे मी तुमच्या बाजूने बोलायला पाहिजे खरंतर, पण ताबा मिळाल्यावर किचन करायचं म्हणजे आत्ताच्या घराचं भाडं थांबणार का? रीडेव्हलपमेंटमध्ये डेव्हलपर भाडं देतो ते ताब्यापर्यंत. नंतर महिना-दीड महिना किचनशिवाय काढायचा, सोसायटीचे कामाचे तास ठरलेले, लिफ्टमधून ८ बाय ४ ची शीट जात नाही ती जिन्याने न्यायची, घरात म्हातारं माणूस आणि दहावीची मुलगी. पैसे वाचतील पण डोक्याला ताप.

एक गोष्ट मात्र फॉर्म भरायच्या आधी नक्की विचारा ताई: ओटा कशावर बसतोय? कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइट ठेवून मधल्या खणात बॉक्स सरकवणार असतील तर बॉक्स उद्याही बदलता येतात. पण ग्रॅनाइट थेट लाकडी बॉक्सवर बसणार असेल तर बॉक्स बदलायचे म्हणजे ओटा उचलायचा, आणि उचलताना तो तुटतो, सिंकच्या कापापाशी हमखास. अशा वेळी बॉक्सवर काटकसर करायचीच नाही.

याच हिशोबाने बाकीचंही बघा. सॉफ्ट क्लोज बिजागरी आज नको. बिजागरीचं ३५ एमएमचं भोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, हेटिक घ्या, हाफेले घ्या, एब्को घ्या, उद्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्ध्या दिवसात बदलता येते. शटरही उतरवून नवं लावता येतं. पण टँडमचं तसं नाही, त्याचा ड्रॉवर बॉक्सच्या आतल्या मापाला बनतो आणि तारेची ट्रॉली काढून तिथे टँडम घालायचा तर सगळी मापं परत. घ्यायचा तर आत्ताच.

पौडफाटा

बापरे, इतकं कळलं असतं तर सॅम्पल फ्लॅटमध्ये त्या मुलीला चार प्रश्न विचारले असते, ती नुसतं 'प्रीमियम फिनिश मॅम' म्हणत होती.

@आजीची_पळी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं, त्या टेप घेऊन बसल्यात आणि पुरणयंत्राची उंची वहीत लिहून झालीये.

टँडम मग सातच्या सात घेऊ का? आणि तारेच्या ट्रॉल्या वाईटच असतात का, आत्ताच्या घरी आहेत त्या सिंकशेजारची सोडून बऱ्या आहेत. मॅजिक कॉर्नरबद्दल कोणीच बोललं नाही.

बाणेरकरीण

मी सांगते, माझ्या आईकडे मॅजिक कॉर्नर आहे आणि माझ्याकडे नाही. दार उघडलं की आतली बास्केट फिरून बाहेर येते, बघायला मस्त, पाहुण्यांना दाखवायला अजून मस्त. पण त्याच्या यंत्रणेनेच निम्मी जागा खाल्लेली असते आणि त्या उथळ बास्केटमध्ये जड काही ठेवलं की कुरकुर सुरू. माझ्या कोपऱ्यात नुसत्या दोन फळ्या आहेत. तिथे फराळाची मोठी पातेली, चकलीचा सोऱ्या, इडलीपात्र, वर्षातून चारदा लागणारं सगळं. त्यासाठी वाकावं लागतं ते चारदाच लागतं. ३८,००० वाचवा.

टॉल युनिटही नको असं माझं मत. ८ बाय १० मध्ये टॉल युनिट आलं की ओटा दोन फुटांनी कमी होतो, आणि पोळ्या लाटायला, भाजी चिरायला, मिक्सरला जागा लागते ती ओट्यावरच. सामान पुण्यात कोण महिन्याचं एकदम भरतंय आता, खालचा वाणी दहा मिनिटांत पाठवतो.

टँडम सात नकोत. गॅसच्या खाली आणि शेजारी जिथे रोजचा हात जातो तिथे घ्या, तीन किंवा चार. तो पूर्ण बाहेर येतो, वरून आतलं सगळं दिसतं, सासूबाईंना वाकायला नको. घेताना वजनाची क्षमता विचारा, किलोत लिहिलेली असते, ३० किलोचा वेगळा आणि ५० किलोचा वेगळा. भांड्यांच्या आणि धान्याच्या ड्रॉवरला ५० वालाच. बाकी ताटं-वाट्यांना तारेची ट्रॉली उलट बरी, ओलं ताट ठेवलं तरी पाणी गळून जातं, लाकडी तळाच्या ड्रॉवरमध्ये ओलं ठेवलं की वास.

फक्त तार ३०४ ग्रेडच्या स्टीलची हवी. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी असतं, ती गंजते, तुमची सिंकशेजारची बहुतेक तीच असणार. दुकानात लोक लोहचुंबक लावून दाखवतात ना, 'बघा चिकटत नाही म्हणजे ३०४', त्याला अर्थ नाही, २०२ पण चिकटत नाही. तपासायला एक केमिकल मिळतं, थेंब टाकला की रंगावरून कळतं. नाहीतर सरळ बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि ब्लीचवालं क्लीनर त्या तारांना लावू नका, क्लोरीनने ३०४ला पण डाग पडतात.

स्लॅबसायकल

सिव्हिलवाला आहे. तुम्ही सगळे ट्रॉल्यांवर भांडताय आणि भिंतीकडे कोणाचं लक्षच नाही.

पौडफाटा ताई, बिल्डिंग मायवान शटरिंगची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओततात ती) आहे का ते विचारा. असेल तर तुमच्या किचनच्या भिंती विटांच्या नाहीत, काँक्रीटच्या आहेत, त्यात वायरिंगचे पाइप भिंत ओतायच्या आधीच टाकतात आणि नंतर छिन्नी लावायला परवानगी मिळत नाही, मिळूही नये. म्हणजे चिमणी, मायक्रोवेव्ह, आरओ, मिक्सर, फ्रीज आणि हो तुमची घरघंटी, या सगळ्यांचे पॉइंट आत्ता ठरवायचे. घरघंटी आणि मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा पॉइंट वेगवेगळा घ्या, एकावर दोन्ही नको. चिमणीच्या डक्टला ६ इंचाचं भोक लागतं, तेही आत्ताच ठेवायला सांगा. तुमच्या मजल्याच्या भिंती ओतून झाल्या असतील तर जे पॉइंट आहेत त्यांचा ड्रॉइंग मागा आणि त्याप्रमाणे ट्रॉल्यांचा नकाशा फिरवा.

मायवान नसेल तर आतल्या भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या असतील, ते राखाडी हलके ब्लॉक. त्यात पॉइंट वाढवता येतात पण वरची कपाटं टांगताना साधा प्लग आणि स्क्रू चालत नाही, हळूहळू सुटतो. त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे फास्टनर किंवा केमिकल अँकर वापरायला सांगा. वरच्या कपाटात लोक लोणच्याच्या बरण्या ठेवतात, वजन कमी नसतं.

गॅसचं काय आहे? एमएनजीएलची (पाइपच्या गॅसची) लाइन येणार असेल तर फॉर्ममध्ये सिलिंडरची ट्रॉली धरलीये का बघा, धरली असेल तर ती काढून तिथे ड्रॉवर मागा. पाइपचा व्हॉल्व कपाटाच्या मागे गाडू नका, हात पोचला पाहिजे. आणि हवेचं: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी जाळी लागते. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून वरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट हवी, खिडकीच्या वरच्या भागात कायमची जाळी ठेवा. ट्रॉलीवाले दोन्हीला एकच डिझाइन लावतात.

हिशेबी

@स्लॅबसायकल +१. पॉइंटला पैसे लागतात ते बजेटमध्ये धरा, नाहीतर सगळे ट्रॉल्यांत घालून बसाल.

पौडफाटा

आज डेव्हलपरच्या ऑफिसात जाऊन आले, नवऱ्याला घेऊन. बिल्डिंग मायवानच आहे, पण आमच्या मजल्याच्या भिंती अजून व्हायच्यात, त्यामुळे पॉइंटचा नकाशा पुढच्या आठवड्यात द्यायचा असं ठरलं. भोकाचंही लिहून दिलं. एमएनजीएल येणार आहे आणि हो, सिलिंडरची ट्रॉली होतीच फॉर्ममध्ये! ती काढून तिथे ड्रॉवर.

ओटा त्यांचा थेट बॉक्सवरच बसतो, कडप्पा फक्त सिंकखाली देतो म्हणाले, तोही मी मागितला म्हणून. त्यामुळे मरीन प्लाय नक्की, ५२,०००. टँडम चार, ते ११,००० ला एक देतायत म्हणजे ४४,०००. एकूण ९६,०००, वर जीएसटी १७,२८०, म्हणजे १,१३,२८०. अ‍ॅक्रिलिक, मॅजिक कॉर्नर, टॉल युनिट, गोला सगळ्यावर काट मारली. शटर एचडीएचएमआरची करून मागितली तर 'सर को पूछके बताते' असं उत्तर आलं, फार फरक नसेल तर उरलेल्या पैशांत ते आणि पॉइंट. नवरा अजून थोडा नाराज आहे, त्याला ओट्याच्या मागच्या टाइल्स निवडायला दिल्यात.

आता एकच राहिलं, ओट्याची उंची. त्यांच्याकडे सगळ्यांना ३४ इंच. मी ५ फूट ४, सासूबाई ४ फूट १०. त्यांचं म्हणणं जुना ओटा ३० होता तोच बरा होता.

आजीची_पळी

कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा, ती ज्याची त्याची उंची. दोघींचं मोजा, पण ओटा जी रोज जास्त वेळ उभी राहते तिच्या मापाचा करा. तुम्ही असाल तर तुमचा. ३४ मला जास्त वाटतात, वर शेगडी ४-५ इंचांची, त्यावर कुकर, मग आत डोकवायला टाचा उंच कराव्या लागतात. पोळ्या लाटताना तर खांदे भरून येतात. ३२ नाहीतर ३३ मागून बघा. सासूबाई कुठलं काम करतात जास्त?

पौडफाटा

भाजी निवडणं-चिरणं आणि पोळ्या. पोळ्या कोणाला करू देत नाहीत.

सुतारपक्षी

मग ओटा ३३चा करा आणि पोळीसाठी गॅसच्या शेजारच्या एका टँडमच्या वरती ओढून बाहेर काढायची फळी द्यायला सांगा, ती २९-३०ला येते, वापरून झाली की आत. स्टूल घेऊन बसूनही लाटता येतं त्यांना, तवा मात्र ओट्यावरच्या शेगडीवर, भाजायला तुम्ही. फळीला वेगळं चॅनेल लागतं, लॉक होणारं, नाहीतर लाटताना मागे सरकते. आणि ओटा ३३ म्हणजे बॉक्सची उंची इंचाने कमी होणार, तेव्हा प्लाय कापायच्या आधी सांगा, आणि सासूबाईंच्या वहीतली पुरणयंत्राची उंची परत एकदा ताडून बघा.